सोमवारचा दम

उपाशी उंदरांना साबुदाण्याची खिचडी खाऊ घालणारा माणूस अख्ख्या मध्यभारतात एकच निघाला, आणि तो म्हणजे उज्जैनच्या एका शाळेतला ड्रॉइंग मास्तर सुहास चांदोरकर. त्याचा हेतू इतका चांगला होता की पुढे कुणाला त्याच्यावर धड रागावताही येईना.

झालं असं. आषाढी एकादशी होती. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. लढाईच्या दिवसांत तिथे रेशनचं धान्य भरत, म्हणून अजूनही सगळे तिला कोठारच म्हणत. त्या कोठारात डॉक्टर विजया पोतनीस, म्हणजे विजूअक्का, यांची प्रयोगशाळा होती. शाळा सुटली की सुहास तिथे चित्रं काढायला जायचा. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते हुबेहूब कागदावर उतरवायचं, हे त्याचं काम. हे काम करणारा कॅमेरा मंजूर झालेला होता, पण तो बरीच वर्षं ग्वाल्हेरच्या एका फायलीत विश्रांती घेत होता.

त्या दिवशी अक्का वॉर्डात गेल्या होत्या. दाराशी नंदराम चपराशी पेंगत होता. सुहासने पाहिलं, डाव्या रांगेतल्या पिंजऱ्यांमधल्या वाट्या पालथ्या घातलेल्या. उजव्या रांगेतले उंदीर मजेत हरभरे फोडताहेत आणि डावीकडचे बिचारे गजांना नाकं लावून बघताहेत.

“नंदराम, इनका खाना?”

“उपवास है मास्साब. बाईसाब ने बोला, कल तक कुछ नहीं.”

सुहासला गहिवरून आलं. अक्का कडक, हे त्याला ठाऊक होतं. पण उंदरांनाही एकादशी? बरं, पाण्याची बाटली लावलेली होती, म्हणजे निर्जळी नव्हे. मग साध्या एकादशीला फराळ नको? ज्या उपासाला माणूस रोजच्यापेक्षा कमी खातो असा उपास त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने आपला डबा उघडला आणि प्रत्येक वाटीत खिचडी वाढली. पंक्तीत वाढावी तशी, कुणाला कमी-जास्त न करता, आणि वर बटाट्याची एकेक फोड.

अक्का परत आल्या तेव्हा पंगत रंगात आली होती.

“हे काय?”

“फराळ,” सुहास म्हणाला. “एकादशी ना आज.”

अक्कांनी वाकून पाहिलं. एक उंदीर पुढच्या दोन पायांत शेंगदाणा धरून बसला होता. त्याने अक्कांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“किती खाल्लं?”

“लाजलं नाही कुणी.”

अक्का स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. “उन्हाळ्यापासून या उंदरांना मिलमधली धूळ देत होते मी,” त्या म्हणाल्या. “शेवटी दोन दिवस उपाशी ठेवून उद्या सकाळी फुफ्फुसाचे काप घ्यायचे होते. उपाशी आणि पोटभर खाल्लेले, दोघांचे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे होते.”

“मग उद्यापासून पुन्हा उपाशी ठेवू.”

“एकदा उपास मोडला की उजव्या रांगेशी यांची तुलना होत नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून.”

“अक्का, मी...”

“तू घरी जा, सुहास.”

ही बातमी कोठारातून माधवनगरला अक्कांच्या घरी पोचली तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ बापू इतका हसला की त्याला दम लागला. दम ओसरल्यावर तो सुहासला म्हणाला, “मास्तर, तुझं पुढच्या जन्माचं काम झालं. गणपतीकडे बढती पक्की.”

“रहने दे यार. अक्का बोलत नाहीयेत माझ्याशी.”

“ती माझ्याशी तरी कुठे बोलते? ती उंदरांशी बोलते. तेही आता जेवून झोपलेत.”

सुहास आणि बापू शाळेतले दोस्त. दोघांत मिळून एक पाटी, आणि मारही दोघांत मिळून. पुढे सुहास ड्रॉइंग मास्तर झाला आणि बापू मिलमध्ये गेला, कार्डिंग खात्यात. कापसाच्या गाठी फुटल्यावर रुई जिथे यंत्रावर विंचरली जाते, ते खातं. तिथे हवेत सतत तंतू उडत असतात. माणूस काळा आत जातो आणि भुवया पांढऱ्या करून बाहेर येतो. बापू बघता बघता जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, झाला आणि बघता बघता दमेकरीही झाला.

या दम्याची एक गंमत होती, गंमत म्हणायची तर. रविवारी मिल बंद, छाती मोकळी. सोमवारी पाळीवर गेलं की दुपारपर्यंत छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मंगळवारी जरा कमी, बुधवारी आणखी कमी. मिलमधले लोक या दुखण्याला नुसतं ‘सोमवार’च म्हणत. “त्याला सोमवार लागलाय” म्हटलं की कळायचं. बापू म्हणायचा, “महाकालाचा वार आहे, त्याला काहीतरी वाहायला नको? लोक बेल वाहतात, आम्ही श्वास वाहतो.” पुढे पुढे मंगळवारही सोमवारसारखा जायला लागला, मग बुधवारही. शेवटी आठवड्याचे सगळेच वार सोमवार झाले आणि बापूला मिल सोडावी लागली. दमेकऱ्याला मुलगी कोण देणार, म्हणून लग्नाचं राहिलं ते राहिलंच. अक्कांनीही लग्न केलं नव्हतं. घरात दोघं भावंडं आणि वडील भय्यासाहेब.

भय्यासाहेब शिंदे सरकारच्या अमदानीत इथल्या कचेरीत कारकून होते. ग्वाल्हेर संस्थान गेलं, मध्यभारत आलं, आणि आता तेही मोडून नवा मध्यप्रदेश होणार होता. “दोन राज्यं डोळ्यांदेखत बुडाली,” ते म्हणायचे, “माझा संधिवात तेवढा अढळ आहे.”

अक्का शिकल्या इंदूरला आणि मग मुंबईला. दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची नोकरी, आणि ती संपली की कोठार. त्यांचं म्हणणं काय होतं, ते त्यांनी सुहासला एकदा असं सांगितलं होतं, “आपण दिवाळीच्या आधी माळा आवरतो ना? मोडका पाट निघतो, तो बंबात घालतो. पाणीही तापतं आणि माळाही मोकळा होतो. पेशीचंही तसंच आहे. बाहेरून खायला मिळेनासं झालं, त्रास व्हायला लागला, की ती हातपाय गाळत नाही. आपल्याच पोटातलं जुनं, मोडकं सामान एका पिशवीत गोळा करते, विरघळवते आणि त्यावर दिवस काढते.”

काचेखाली या पिशव्या बुडबुड्यांसारख्या दिसत. अक्कांना वाटायचं, फुफ्फुसातल्या ज्या पेशी धूळ गिळतात त्याही अशाच तगत असणार. पिशव्या होताहेत तोवर पेशी जिवंत, आतली सफाई चालू. आणि एखाद्या उपायाने ही सफाई वाढवता आली, तर? हा ‘तर’ त्यांनी कधी पुढे नेला नाही. पण बापू शेजारच्या खोलीत खोकत असला की त्यांच्या हातातलं पेन थांबायचं, आणि खोकला थांबला की चालायचं. एवढ्यावरून सुहास काय समजायचं ते समजला होता. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना अक्कांनी काचपट्ट्या पाठवल्या तेव्हा त्यांनी कळवलं, बाई, हे बुडबुडे रंग नीट न बसल्यामुळे येतात. या प्रकाराला कुणी नाव ठेवलं असलं, तर ते उज्जैनपर्यंत आलं नव्हतं.

उंदरांना धूळ द्यायचं यंत्र सुहासनेच जमवलं होतं. एका भजनी मंडळाची फुटकी पेटी आणून तिचा भाता एका लाकडी खोक्याला जोडला. भाता हलवला की खोक्यात रुईची धूळ उडे, आणि पेटीचा एक सूर कुठेतरी अडकलेला असल्यामुळे बारीक ‘सा’ही ऐकू येई. धूळ आणायचा बापू. मिल सुटली तरी जुन्या खात्यात जाऊन थैली भरून आणायचा. ज्या धुळीने त्याचं सगळं नेलं, ती खांद्यावर टाकून तो दम खात खात कोठारात यायचा आणि म्हणायचा, “घे अक्का, ताजा माल.”

खिचडीच्या प्रकारानंतर अक्का आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस नव्या उंदरांचे पिंजरे आले आणि त्या म्हणाल्या, “सुहास, डबा बाहेर नंदरामकडे ठेवत जा.” सुहासला हायसं वाटलं. पण श्रावणातच वरून हुकूम आला. नवं राज्य एक नोव्हेंबरला होणार. असल्या लहानसहान प्रयोगशाळा बंद, सामान दुसऱ्या शहरात पाठवायचं, ऑक्टोबरअखेर पेट्या भरून तयार ठेवा.

“नवे उंदीर तोवर होतील तयार?” सुहासने विचारलं.

“नाही,” अक्का म्हणाल्या, आणि भाता हलवायला लागल्या.

उंदीर तयार झाले नाहीत आणि बापू उतरत गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने हट्ट धरला, टावर चौकात जायचं. सुहासने टांगा केला. कचोरीच्या दुकानासमोरच्या बाकावर दोघं बसले. दोन कचोऱ्या घेतल्या. सुहासने आपली संपवली. बापूची तशीच होती.

“खा ना. गार होतेय.”

“बघतोय तिला. मजा येतो बघायलाही.” बापू वाक्य तोडून तोडून बोलत होता. “एक काम आहे तुझ्याकडे. अक्काचे उंदीर काही होत नाहीत आता. माणसाचं एक फुफ्फुस तरी तिने पाहायला पाहिजे. धूळ खाल्लेलं.”

“मिळेल की कुणाचं तरी.”

“घरात असताना बाहेरून कशाला आणायचं?”

सुहासच्या घशात कचोरी अडकली, आणि ती तर त्याने मघाशीच खाल्ली होती.

“भय्यासाहेबांना विचारायचं तू,” बापू म्हणाला. “मी गेल्यावर. आधी नको, उगीच माझं जेवण बंद करतील. अक्का स्वतः नाही विचारणार. मेली तरी नाही.”

“मी नाही विचारणार असलं काही.”

“विनोद करून विचार हवं तर.”

“यात विनोद कुठून आणू, बापू?”

“ते तुझं खातं. माझं कार्डिंग.”

बापू गेला तो गुरुवारी, दवाखान्यात, सकाळी. सोमवारी जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण तो सोमवार त्याने काढला. अक्का उशाशी होत्या. त्यांनी डोळे मिटवले, चादर वर घेतली आणि बापूची घोंगडी घडी करायला घेतली. घडी बरोबर येईना. त्या उलगडून पुन्हा करत होत्या.

बाहेरच्या बाकावर भय्यासाहेब टोपी मांडीवर ठेवून बसले होते. सुहास त्यांच्याजवळ गेला. लग्नात, मुंजीत, अगदी बाराव्याच्या जेवणातसुद्धा या माणसाला कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आता तो उभाच राहिला.

“बस,” भय्यासाहेब म्हणाले. “लाकडं सांगितली?”

“सांगतो. भय्यासाहेब, बापूचं एक मागणं होतं.” आणि मग त्याने एका दमात सांगून टाकलं.

भय्यासाहेबांनी टोपीची कड चाचपली. “आमच्या घरातलं माणूस चक्रतीर्थाच्या स्मशानात अखंड गेलेलं आहे, सुहास. माझ्या आजोबांपासून. आज पोराला फाडून नेऊ? दहाव्याला रामघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवला नाही, तर मी काय समजायचं?”

सुहास आता बाकावर टेकला.

“त्याने स्वतः सांगितलं हे?”

“हो. टावर चौकात. कचोरी समोर ठेवून.”

“खाल्ली होती?”

“नाही.”

भय्यासाहेबांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “परक्याचा हात लागता कामा नये. विजू स्वतः करणार असेल तर करा. नाहीतर असाच उचला.”

सुहास आत आला. अक्का अजून घोंगडीशीच होत्या. बापूने काय मागितलं आणि ते कुणाला विचारायला लावलं, हे त्याने सांगितलं.

“भय्यासाहेब हो म्हणालेत,” सुहास म्हणाला. “पण तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाचा हात नको, म्हणाले.”

अक्कांचा हात घडीवर थांबला. सुहासच्या मनात आलं, त्या नको म्हणतील. नको म्हणाल्या तर बरं, असंही आलं. अक्कांनी घोंगडी खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्या हातात दिलं आणि त्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांची परवानगी घ्यायला गेल्या.

मग अक्का आत आणि बंद दाराबाहेर सुहास आणि भय्यासाहेब बसले. मध्ये एकदा आतून पाणी सांडल्याचा आवाज आला. भय्यासाहेब म्हणाले, “लहानपणी त्याच्या पायात काटा गेला की हिच्याकडेच यायचा. दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू देत नसे. माझ्या हातातून पाय ओढून घ्यायचा.” सुहासच्या मुठीत घड्याळ घामेजलं होतं.

दहाव्याला रामघाटावर पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. गुरुजीही जरा चकित झाले. बापूला जेवणासाठी कुणाला ताटकळत ठेवलेलं आवडत नसे. भय्यासाहेबांनी क्षिप्रेकडे पाठ केली आणि पंच्याने तोंड पुसलं. ते पुसायला त्यांना फार वेळ लागला.

त्याच दुपारी अक्कांचा निरोप आला, पेन्सिली घेऊन ये. कोठारात निम्म्या पेट्यांवर खिळे ठोकून झाले होते. पिंजरे रिकामे, धुऊन उन्हात लावलेले. भाता काढलेली पेटी कोपऱ्यात उताणी पडली होती. बाहेर एक पेंटर शिडीवर चढून पाटीवरचं ‘मध्यभारत’ खरवडत होता. टेबलावर फक्त सूक्ष्मदर्शक उरला होता, आणि त्याखाली एक काच.

“काप चांगला आलाय,” अक्का म्हणाल्या. “उद्या हेही पेटीत जाईल. आज काढून ठेव.”

सुहासने डोळा लावला. उंदरांच्या फुफ्फुसांची इतकी चित्रं काढून त्याला आता काय कुठे असतं ते कळत होतं. गुलाबी-जांभळी जाळी असायला हवी होती. इथे जाळी ठिकठिकाणी फाटून मोठमोठी भोकं पडलेली. काठाला त्या धूळ गिळणाऱ्या पेशी होत्या, टम्म फुगलेल्या. आणि त्यांच्यात बुडबुडे होते. अक्का उंदरांत शोधून शोधून दाखवायच्या ते बुडबुडे इथे शोधावे लागत नव्हते. एकाला एक चिकटून, पेशीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. बुडबुड्यांशिवाय आत दुसरं काही दिसतच नव्हतं.

सुहासने काचेवरून डोळा काढला. पिशव्या म्हणजे पेशी जगते आहे, असं अक्कांचं म्हणणं. ते खरं, तर बापू या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त जगायला हवा होता. त्याने पेन्सिल हातात घेतली. हे असंच काढलं तर अक्कांच्या इतक्या वर्षांच्या कामाचं काय होणार, हे ड्रॉइंग मास्तरलाही दिसत होतं. त्याने जाळी काढली, भोकं काढली, पेशी काढल्या. बुडबुडे काढताना हात आपोआप आखडला. चार ठिकाणी चार काढले, बाकी जागा हलक्या छटेने भरून टाकली. दिसायला चित्र छान झालं.

अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं, वाकून काचेतून पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं.

“हे कमी आहेत.”

“थोडे राहिलेत. एवढ्याने कळतंय की.”

“सुहास.” त्यांनी खोडरबर उचलून त्याच्यापुढे ठेवलं. “आहेत तितके काढ.”

“अक्का, पण मग तुम्ही जे लिहिलं होतं...”

“ते अर्धंच होतं. थोडं मोडून खाल्लं की पेशी तगते. खातच राहिली की काही उरत नाही. उंदरांना मी दोनच दिवस उपाशी ठेवत होते, मला कसं दिसणार हे? याचं तर वर्षानुवर्षं चाललेलं.” आवाज वॉर्डात सांगतात तसा होता. फक्त त्या बोलता बोलता टेबलाची कड धरून होत्या, आणि बोटांची नखं पांढरी पडली होती.

सुहासने छटा खोडली. मग तो एकेक बुडबुडा काढत गेला. एका पेशीतले संपले की दुसरी. शाळेत असताना पाटीवर दोघांनी मिळून गोट्या काढल्या होत्या, बापू एक आणि तो एक. तसलं काहीतरी मधेच डोक्यात आलं आणि त्याने ते तिथल्या तिथे दाबलं, कारण डोळ्यांत पाणी आलं की काचेतलं दिसत नाही. बाहेर पेंटरचं खरवडणं थांबलं आणि ओल्या रंगाचा वास आत आला. अक्का एकदाही बसल्या नाहीत.

चित्र पुरं झालं. अक्कांनी ते काचेशी ताडून पाहिलं. एकेक पेशी करत, बोट ठेवून. मग मान हलवली.

सुहासने पेन्सिलीला टोक केलं. चित्राखाली अक्षरं घालायची जागा त्याने नेहमीसारखी सोडली होती. टोक करून झालं तरी तो पेन्सिल फिरवत बसला.

“अक्का, खाली काय लिहू?” त्याने विचारलं. “बापूचं नाव?”

“पुरुष, वय अडतीस, कार्डिंग खातं.”